उल्का टिपणीसचं पहिलं काम

कपडे कुठे वाळत घालायचे, या प्रश्नावरून उल्का टिपणीसनं नोकरी सोडली. असं सांगितलं की लोक हसतात. मी तिला लहानपणापासून ओळखत होतो, त्यामुळे मला हसू आलं नाही.

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची घरं शेजारी होती. तिचे वडील श्रीरंगकाका केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, माझे वडील रेल्वेच्या मुख्य कचेरीत. मी, शशिकांत, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. हिवाळ्यात आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका मागच्या अंगणात खाटा टाकून मटार सोलत, स्वेटर विणत बसायच्या, आणि ऊन सरकलं की खाटाही सरकायच्या. सात-आठ वर्षांची उल्का खडू घेऊन उन्हाची कड फरशीवर आखायची आणि म्हणायची, "काकू, तुमची खाट आता इथे येणार." बहुतेक वेळा बरोबर यायचं. नाही आलं तर ती दुसऱ्या दिवशी रेघ पुसून पुन्हा आखायची.

पुढे मी इंजिनिअर होऊन सरकारी बांधकाम खात्यात लागलो. ती आर्किटेक्ट झाली आणि कनॉट प्लेसमधल्या एका मोठ्या फर्ममध्ये गेली. तिथे बारा वर्षं तिनं हॉटेलांचे नकाशे काढले, कचेऱ्यांचे काढले. सही साहेबांची, ड्रॉइंग हिचं. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. मग नोएडातल्या फ्लॅट्सचं एक मोठं काम आलं. तिनं प्रत्येक फ्लॅटला मागच्या बाजूला एक छोटी गॅलरी काढली होती. मीटिंगमध्ये साहेबांनी लाल पेन्सिलीनं ती उडवली. उल्कानं विचारलं, "सर, गीले कपड़े कहाँ सूखेंगे?"

"अरे, वो लोग देख लेंगे. तुम एलिवेशन देखो." एलिवेशन म्हणजे इमारत समोरून दिसते ती बाजू.

तिनं पुन्हा विचारलं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. ती तिसऱ्यांदा विचारायला लागली तेव्हा कुणीतरी चहा मागवला आणि विषय संपला. त्याच महिन्यात तिनं राजीनामा दिला. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, श्रीरंगकाका जाऊन बराच काळ लोटला होता, आणि मयूर विहारच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती आणि सरलाकाकू अशा दोघीच राहत होत्या.

हे सत्त्याण्णव सालचं. करोल बागेत गाड्यांच्या सीट-कव्हरच्या एका दुकानावर तिनं एक खोली घेतली. खाली दिवसभर शिलाई मशिनं चालायची आणि रेक्झिनचा वास जिन्यानं वर यायचा. खोलीत एक ड्रॉइंग बोर्ड, दोन स्टुलं, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि श्रीरंगकाकांची जुनी लोखंडी कपाटं. बाहेर पाटी लावली, वर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत: उल्का टिपणीस, आर्किटेक्ट. जिना चढून येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच विचारायचा, "साहब कहाँ हैं?"

"मैं ही हूँ. बैठिए."

काही बसायचे, काही खाली उतरायचे. कुणाच्या दुकानाला पोटमाळा, कुणाच्या घराला वाढीव बाथरूम, अशी कामं मिळायला लागली. मी शनिवारी जाऊन तिची तुळया-खांबांची गणितं करून द्यायचो. मग शेजारच्या गल्लीतल्या एका सराफांनी पश्चिम विहारमधल्या त्यांच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं आणि ते काम तिला देऊ केलं. ते आख्खं घर असणार होतं. तिनं कच्चे आराखडे केले, त्यांना आवडले. भूमिपूजनाचा मुहूर्त होळीनंतरचा निघाला. सरलाकाकूंनी मला फोन करून सांगितलं, "शशी, आता खरं तिचं ऑफिस सुरू झालं बघ."

त्याच हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी, सुभेदार मल्हारी शिंगटे जिना चढून आले. मी तिथेच होतो. पन्नाशीचा माणूस, केस बारीक कापलेले, अंगात फौजेतली जुनी जर्सी. साताऱ्याकडचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर ते दिल्लीजवळच्या, हरियाणातल्या मानेसरच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचे मुख्य म्हणून लागले होते. कारखान्याच्या जीपचे पार्ट घ्यायला ते करोल बागेत आले होते आणि पाटीवरचं आडनाव वाचून वर आले.

"ताई, तुमी मराठी. म्हनून आलो," ते म्हणाले. "मला एक जागा बांधायची हाय. माणसं जाळायची."

उल्कानं पेन्सिल खाली ठेवली. "बसा, सुभेदार. नीट सांगा."

ते बसले, आणि त्यांनी गुणवंतची गोष्ट सांगितली.

गुणवंत लातूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. कारखान्यात ठेकेदारीवर कामाला होता. डिसेंबरात धुकं पडलं त्या दिवसांत सकाळच्या पाळीला येताना जयपूरचा हायवे ओलांडत होता. समोरचा ट्रक त्यालाही दिसला नाही आणि ट्रकवाल्यालाही हा दिसला नाही. गावाला तार गेली. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून आई सखुबाई एका नातेवाइकाबरोबर गाडीनं आली. इतक्या लांब प्रेत न्यायची तिची ऐपत नव्हती. सुभेदारांनी ठरवलं, इथंच अग्नी देऊ. त्यांनी टेम्पो केला आणि जवळच्या गावाच्या स्मशानात गेले.

"तिथं लोक आडवे आले. म्हनले, ये हमारे गाँव का है, बाहर का आदमी यहाँ नहीं जलेगा. मी म्हनलं, ठीक हाय, दुसरं गाव बघू. दुसऱ्या गावात विचारलं, जात कौन सी है. मला ठावं नव्हती. आईला विचारायला माझी जीभ वळंना. तिसऱ्या गावात फाटकाला कुलूपच व्हतं. आई टेम्पोत मागं बसल्याली, त्याच्या पायापाशी. तिला हिंदी येत नाही, पर काय चाललंय ते तिला समदं कळत व्हतं."

"मग?"

"मग क्रशरच्या मागं पडीक माळ हाय, दगडखाणीजवळ. तिथं दिला. लाकडं धुक्यानं वली. पेटंना. शेवटी मी जीपमधलं डिझेल काढलं. ताई, पलटणीत मी कैक पोरांना खांदा दिलाय. पर असं कुनाला घेऊन हिंडलो नव्हतो."

त्यांनी पुढे सांगितलं ते असं: एका गावचा सरपंच तयार झाला आहे. गावाच्या स्मशानाला लागून पंचायतीची थोडी जमीन आहे. कारखान्याचे मालक खर्च करतील, गावालाही त्यातून पक्की शेड मिळेल. फक्त कुणीतरी नकाशा काढून उभं राहून बांधून द्यायला पाहिजे.

उल्का लगेच हो म्हणाली. मी मात्र सुभेदार गेल्यावर तिला म्हटलं, "थोडा विचार कर. सराफांचं घर डोळ्यासमोर आहे. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"की हिनं स्मशान बांधलं."

"बांधणारच आहे की," ती म्हणाली.

सरलाकाकूंना हे अजिबात रुचलं नाही. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. दोन दिवसांनी जेवताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसचं पहिलं मोठं काम. कुणी मसणापासून सुरुवात करतं का गं?"

फेब्रुवारीत आम्ही जागा बघायला गेलो. धुकं ओसरलं होतं. मोहरीच्या शेतांना खेटून कारखान्यांच्या नव्या भिंती उठत होत्या, कंपनीच्या बसेस धूळ उडवत जात होत्या. गावाचं स्मशान म्हणजे एक उघडा चौथरा आणि कीकरची, म्हणजे बाभळीची, चार झाडं. सरपंच पागोटेवाले, वयस्क, बोलायला सभ्य. त्यांनी खाटा टाकून ताक दिलं. उल्कानं जागा पावलांनी मोजली, वारा कुठून येतो ते विचारलं, पाणी कुठे आहे ते पाहिलं. मग सरपंचांनी सांगितलं.

"बेटी, शेड एक ही बना दो, खर्चा बचेगा. चबूतरे दो. और बीच में दीवार. आदमी से ऊँची. इस तरफ गाँव, उस तरफ बाहर वाले."

"दीवार क्यों, चौधरी साहब?"

"दीवार के बिना पंचायत नहीं मानेगी."

"आग तो एक ही है," उल्का म्हणाली.

सरपंच रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे जरा दयेनं पाहिलं. "बेटी, मैंने इतना मनवाया है, यह भी कम नहीं है. तुम दिल्ली चली जाओगी. मुझे यहीं रहना है, और यहीं जलना है."

परतीच्या वाटेवर कारखान्याच्या जीपमध्ये, दिल्लीच्या वेशीवरचं धौला कुआँ आल्यावर ती म्हणाली, "शशी, मी ही भिंत नकाशात काढणार नाही."

तिनं सुभेदारांना तसं कळवलं. पुढच्या रविवारी ते थेट मयूर विहारच्या घरी आले. मीही तिथेच जेवायला होतो. जोडे दाराबाहेर काढून ते बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसले. उल्का त्यांना म्हणाली, "सुभेदार, तुम्हाला त्या दिवशी जे सोसावं लागलं ते अशाच भिंतीमुळे. तीच भिंत मी माझ्या हातानं कागदावर काढू?"

"ताई, तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "भिंत वाईटच. पर भिंत असली तरी मानूस जळंल. जागाच झाली न्हाई तर पुन्हा कुनीतरी टेम्पोत बसंल. पुढच्या धुक्याला बसंल. तुमी मला सांगा, मी त्याला काय सांगू? ताईंना भिंत पटली न्हाई?"

सरलाकाकू इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सुभेदार, ती बाई बसली कुठे?"

"कुठली, काकू?"

"सखुबाई. त्याची आई. चिता पेटेना, असं उल्का सांगत होती. तेवढा वेळ ती बसली कुठे?"

सुभेदार आठवू लागले. "एक दगड व्हता खाणीचा. त्याच्यावर."

"आणि पाणी?"

"माझ्या बाटलीत व्हतं थोडं. मी दिलं. तिनं तोंडाला लावलं आणि उरलेलं त्याच्या चितंपाशी शिंपडलं."

सरलाकाकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. उल्काला म्हणाल्या, "तू त्या भिंतीवर रागाव. हवं तितकं रागाव. पण कुणाच्या आईला बसायला जागा काढ."

उल्कानं ते काम घेतलं. पण नुसती मान तुकवून घेतलं नाही. शनिवारी मी करोल बागेत गेलो तेव्हा तिनं आराखडा बोर्डावर लावला होता आणि मला समोर बसवलं.

"शशी, तुझ्याकडून एक गोष्ट पाहिजे. छप्पर पूर्ण खांबांवर उभं कर. मधल्या भिंतीवर त्याचं तसूभरही वजन यायला नको. उद्या कुणी ती भिंत पाडली तर वर एक वीटही हलता कामा नये."

"त्यानं खांब वाढतील."

"वाढू देत."

"आणि कोण पाडणार आहे ती?"

"ते मला काय माहीत," ती म्हणाली. "पाडायची ठरवली तर त्यांना कुणा इंजिनिअरला विचारावं लागू नये, एवढंच."

मी तसं गणित करून दिलं. भिंत जोडली होती ती फक्त जमिनीला. वर छपरात आणि तिच्यात वीतभर फट ठेवली. धूर जायला हवा, असं आम्ही सरपंचांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मग तिनं दुसरा भाग काढला. चौथऱ्यांपासून जरा दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला, पंचायतीच्या जमिनीवरच्या कडुनिंबाखाली एक लांब पडवी. पाठ टेकता येईल असा सलग दगडी कट्टा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन येईल इतकं पुढे आलेलं छप्पर, एका टोकाला पाण्याचा नळ आणि पलीकडे बायकांना हातपाय धुवायला आडोशाची मोरी. कट्ट्यावर बसलं की चिता दिसे, पण धग आणि धूर येत नसे. हा नकाशा पंचायतीपुढे ठेवला तेव्हा सगळ्यांचं लक्ष भिंतीच्या उंचीवर होतं. पडवी दोन करा, असं कुणीच म्हणालं नाही. गावच्या बायका स्मशानात येतच नव्हत्या, त्यामुळे ती पडवी कुणाच्या वापराची असेल असं त्यांना वाटलंच नसावं.

काम सुरू झालं आणि ही बातमी करोल बागेत पोचली. सराफांनी मुनीमजींना पाठवलं. मुनीमजी भले गृहस्थ होते. जिना चढून आल्यावर ते म्हणाले, "मैडम, बुरा मत मानिए. सेठानीजी कहती हैं, जिस हाथ से श्मशान का नक्शा बना, उसी हाथ से घर का... आप समझ रही हैं ना?"

"समझ रही हूँ," उल्का म्हणाली. तिनं आराखडे गुंडाळून त्यांच्या हाती दिले. "ये ले जाइए. इनमें रसोई पूरब की तरफ है. जो भी बनाए, उसे बदलने मत दीजिएगा, सेठानीजी को सुबह की धूप पसंद है."

मुनीमजी गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. खाली मशिनं चालूच होती. मी काही बोलायला गेलो तर तिनं हातानं थांबवलं. ते घर तिला किती हवं होतं ते मला माहीत होतं. त्या घराला तिनं मागच्या बाजूला कपडे वाळवायची प्रशस्त गच्ची काढली होती. त्यानंतरचं वर्षभर तिच्याकडे दुसरं काम जवळजवळ आलंच नाही. लोक जिन्याखाली पाटी वाचायचे, सीट-कव्हरवाल्याला काही विचारायचे आणि पुढे जायचे. तिनं या काळात एका पॉलिटेक्निकमध्ये संध्याकाळी शिकवायला सुरुवात केली आणि दिवसा ती मानेसरला असायची, खादीचा दुपट्टा डोक्याला बांधून, मिस्त्रीच्या शेजारी.

मधली भिंत बांधली गेली त्या दिवशी ती साईटवर आली नाही. ती एकच सुट्टी. बाकी प्रत्येक थर तिनं उभं राहून करून घेतला.

एकोणीसशे नव्याण्णवच्या पावसाआधी काम पुरं झालं. उद्घाटन असं काही झालं नाही. पंचायतीनं गूळ वाटला. पहिली चिता पेटली ती गावातल्याच एका वृद्धाची. दुसरी एका बिहारी कामगाराची, पलीकडच्या चौथऱ्यावर. सुभेदारांनी उल्काला फोन करून कळवलं. म्हणाले, "ताई, टेम्पो सरळ आत गेला. कुनी काय बी विचारलं न्हाई."

उल्का स्वतः तिथे परत गेली ती नोव्हेंबरात, नळाची तक्रार होती म्हणून. मी बरोबर होतो. त्या दिवशी गावातल्या एका तरुण मुलीला अग्नी दिला होता. बाळंतपणात गेली होती. गावच्या काही बायका पडवीत बसल्या होत्या, घुंघट ओढून. मी सरपंचांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मना किया था. पर लड़की की माँ बोली, बैठने की जगह तो है, फिर क्यों न जाऊँ." त्याच कट्ट्यावर, हातभर अंतरावर, ओडिशाची एक बाई तिच्या नवऱ्याच्या अस्थी गोळा करायला थांबली होती. त्यांची भाषा एकमेकींना कळत नव्हती. थोड्या वेळानं मुलीची आई उठली, नळाशी गेली, लोटा भरला, स्वतः प्यायली आणि लोटा त्या ओडिया बाईपुढे धरला.

उल्का नळाचा नवा वॉशर बसवून घेऊन तिथेच थांबली होती. तिनं ते पाहिलं. परतताना मला म्हणाली, "भिंत चुकलीच, शशी. पण माझी आई म्हणाली तशी बसायची जागा काढली ते बरं झालं."

कामं हळूहळू परत यायला लागली, पण वेगळी. एका धर्मादाय दवाखान्याच्या डॉक्टरांनी ती पडवी पाहिली होती. त्यांनी तिला नातेवाइकांसाठी थांबायची जागा करायला बोलावलं. मग एका वृद्धाश्रमाचं काम आलं, मग कँटोन्मेंटमध्ये शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी उतरायच्या खोल्यांचं. घरंही आली, थोडी. तिच्या हाताखाली दोन मुली लागल्या, अहिल्या आणि कुमुद. दोघीही तिच्या पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थिनी. मेट्रो आल्यावर करोल बागेतलं भाडं वाढलं, तरी तिनं ती खोली सोडली नाही. सीट-कव्हरवाला मालक तिच्याकडून वाढीव भाडं घ्यायला तयार नव्हता, यावरून दोघांची दर वर्षी भांडणं व्हायची.

सरलाकाकू दोन हजार सात साली गेल्या, झोपेत, फार त्रास न होता. सुभेदार गावी परतले. तिकडून त्यांचा दिवाळीला फोन येत असे, तोही पुढे बंद झाला.

भिंतीचं सांगायचं राहिलं. दोन हजार अकरामध्ये पंचायतीला शेड वाढवायची होती. सरपंचपद तेव्हा एका बाईंकडे होतं, शिकलेल्या, धीट. उल्कानं त्यांच्यापुढे विषय काढला. म्हणाली, भिंत पाडायला एक दिवस पुरेल, छपराला धक्का लागणार नाही, तसंच बांधलं आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मैडम, मैं भी चाहती हूँ. पर अभी छेड़ूँगी तो जो बाहर वाले आज जल रहे हैं, उनका भी रास्ता बंद हो जाएगा." उल्कानं शेड वाढवून दिली. भिंत तशीच राहिली, अजून आहे. तिच्या ऑफिसात कामांचे फोटो लावले आहेत, त्यात मानेसरचा फोटो नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्या भिंतीवर माझी सही आहे. आणखी फोटो कशाला?" तिला ती भिंत शेवटपर्यंत सलणार, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

उल्का आता साठीच्या पुढे आहे. गुडघे दुखतात, पण साईटवर जाणं सुटलेलं नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या शवागाराबाहेर लोकांना थांबायला जागा करायचं काम तिच्याकडे आलं. अशा कामाआधी ती तिथे जाऊन दिवसभर बसते. कुणाला सांगत नाही, वही काढत नाही, नुसती बसते. मी निवृत्त, रिकामा, म्हणून मीही सोबत गेलो. मागच्या बाजूला सायकल स्टँड आणि जनरेटर यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी होती. लोक उकिडवे बसलेले, काही वर्तमानपत्र अंथरून. आतून नाव पुकारलं की एखादं कुटुंब उठायचं.

उल्का कठड्याच्या कडेला टेकून उभी होती. शेजारी बसलेल्या एका बाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या बाईच्या मांडीवर थर्मास होता. ती अंग चोरून सरकली, वर्तमानपत्राचा अर्धा भाग मोकळा केला आणि झाकणात चहा ओतून पुढे केला. "बैठ जाओ, दीदी. देर लगेगी. आपका कौन है?"

कोणी नाही म्हणायचं तर तिथे का उभी, ते सांगावं लागलं असतं. उल्का गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसली, चहा घेतला आणि विचारलं, "आपका?"

"बेटा," ती बाई म्हणाली, आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. उल्का ऐकत राहिली. नाव पुकारलं गेलं तेव्हा दोघी उठल्या, आणि उल्का त्या बाईच्या कोपराला धरून दारापर्यंत गेली.

त्या कामाचं टेंडर अजून निघालेलं नाही. फाइल कुठल्या तरी टेबलावर आहे. ड्रॉइंग मात्र तयार आहेत, अहिल्यानं स्वच्छ काढली आहेत. उल्का दर सोमवारी इस्पितळात फोन करून विचारते.